पदवी एवढ्या एकाच कागदावर: फोंड्याहून नॉम पेन्हला इंग्रजी शिकवायला

आखाती देश, जहाजावरची नोकरी आणि पोर्तुगीज पासपोर्टावरून युरोप हे तीन मार्ग गोव्यातल्या बहुतेक घरांना ठाऊक आहेत. आशियातल्या एखाद्या देशात इंग्रजी शिकवण्याच्या कामाविषयी मात्र आपल्याकडे ऐकीव माहितीच अधिक फिरते, आणि तिचा सूर बहुधा असा असतो की इंग्रजी बोलता आले की पुरे, पदवीही लागत नाही आणि अनुभवही लागत नाही. मी फोंड्याची, वाणिज्य शाखेची पदवीधर. बी.एड. केलेले नाही आणि निघण्यापूर्वी शिकवण्याचा अनुभवही नव्हता. अशा स्थितीत मी कोकणकन्येने मुंबईला, तेथून विमानाने बँकॉकला आणि पुढे कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला गेले व तेथील एका लहान भाषा केंद्रात संध्याकाळचे वर्ग घेतले. परत आल्यावर माझे मत असे झाले आहे की या क्षेत्रात उमेदवाराचे इंग्रजी तपासण्याआधी त्याचा पासपोर्ट पाहिला जातो, आणि भारतीय पासपोर्टावर कायदेशीरपणे काम करायचे असेल तर निदान पदवी हाताशी असलीच पाहिजे.

निघण्यापूर्वी देशांची निवड नीट करावी. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ‘ई-२’ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० पासून अमलात असलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे भारतीयांना थोडी वाट मोकळी झाली आहे, पण ती शिक्षकाची अधिकृत पात्रता असलेल्यांपुरतीच. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांनाही येथे लाभ नाही, कारण पोर्तुगाल त्या सात देशांत नाही. जपानमध्ये शाळेत शिकवण्यासाठी जो निवासदर्जा लागतो, त्याला किमान १२ वर्षे इंग्रजी माध्यमातून शिक्षण झालेले असावे लागते. आपल्यापैकी ज्यांनी चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकून पाचवीपासून इंग्रजी माध्यम धरले, त्यांनी हा हिशेब आधी मांडावा: पाचवी ते बारावीची आठ वर्षे आणि पदवीची तीन मिळून अकराच भरतात. मराठी शाळेत शिकल्याचा मला अभिमान आहे, तरीही कागदावर एक वर्ष कमी पडते हे आधी कळलेले बरे. चीनमध्ये २०२१ साली खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आल्यापासून ते दारही बरेच अरुंद झाले आहे. व्हिएतनाममध्ये कामाच्या परवान्यासाठी पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र अशी दोन्ही कागदपत्रे मागतात.

थायलंडमध्ये मी स्वतः चौकशी केली. तेथे कोणत्याही शाखेची पदवी चालते, परंतु इंग्रजी ही ज्यांच्या देशाची मातृभाषा मानली जात नाही अशा उमेदवारांकडून ‘टोइक’ या इंग्रजीच्या परीक्षेतील किमान ६०० गुण किंवा त्याच्या तोडीचा पुरावा मागतात. अध्यापनाचा परवाना नसेल तर शाळा शिक्षक परिषदेकडून तात्पुरती सवलत मिळवून देऊ शकते. थायलंडचे शालेय वर्ष मे महिन्यात सुरू होत असल्यामुळे मार्च-एप्रिल हा अर्ज करण्याचा काळ, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या सत्राआधीही काही जागा निघतात. ज्यांना नियमित पगार आणि शाळेचे वातावरण हवे असेल, त्यांनी गोव्यातच ‘टोइक’ची तयारी करून मग थायलंडचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कंबोडियाचे नियम त्या मानाने सैल आहेत आणि अननुभवी माणसाला तेथे उभे राहण्यापुरती जागा मिळते. व्हिसा घेताना मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पर्यटकांचा ‘टी’ वर्गाचा व्हिसा ३० डॉलरचा आणि कामधंद्यासाठी जाणाऱ्यांचा ‘ई’ वर्गाचा ३५ डॉलरचा आहे. पाच डॉलर वाचवण्यासाठी ‘टी’ घेऊ नये, कारण त्याची मुदत एकदाच महिनाभर वाढवता येते, तर ‘ई’ची मुदत नोकरीच्या पत्राच्या आधारे सहा महिने किंवा वर्षभर वाढवता येते. व्हिसा आणि कामाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना कोण काढणार आणि त्याचा खर्च कोण सोसणार, हे पहिल्याच बैठकीत विचारून कागदावर घ्यावे. ज्या केंद्राने मला ‘नंतर बघू’ असे उत्तर दिले, तेथे पगार अधिक असूनही मी काम घेतले नाही.

कागदपत्रांची तयारी घरीच पूर्ण करावी. पुष्कळांकडे पदवीचे तात्पुरते प्रमाणपत्रच असते, म्हणून गोवा विद्यापीठाकडून मूळ पदवी प्रमाणपत्र आधी घ्यावे. पोलिसांचा ना-हरकत दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत ५०० रुपये शुल्कात मिळतो. नावाच्या स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे गांवकर, नाईक यांसारखी आडनावे एकाच घरात वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिली जातात, आणि जन्मदाखला, पदवी व पासपोर्ट यांत एका अक्षराचा फरक असला तरी परदेशी कारकून कागद परत करतो. प्रमाणपत्रांचे साक्षांकन राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास अशा क्रमाने होते. त्याला आठवडे लागतात आणि परदेशात बसून ते करून घेणे फार महाग पडते.

दलालांविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते. म्हापशातल्या एका मध्यस्थाने मला थायलंडमधील ‘नक्की’ नोकरीसाठी मोठी रक्कम रोख मागितली होती आणि पर्यटक म्हणून जा, तेथे गेल्यावर व्हिसा बदलून देऊ असे सांगितले होते. मी पैसे दिले नाहीत. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी असावी लागते, ती सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते, आणि नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबले जात असल्याचा इशारा दिला होता. कंबोडिया आणि लाओसमधूनही अशा सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवरून भारतीयांची सुटका करावी लागली आहे. म्हणून मुलाखत फक्त मोबाइलवरच्या लेखी संदेशांवर उरकली जात असेल, तिकीट समोरची बाजू पाठवत असेल आणि कामाचे ठिकाण एखाद्या सीमेवरच्या गावात असेल, तर ती नोकरी शिक्षकाची नाही असेच समजावे.

नॉम पेन्हमध्ये काम शोधण्याची माझी पद्धत साधी होती. पदवीच्या आणि अर्जाच्या प्रती घेऊन, नीटनेटका पोशाख करून, दुपारी तीनच्या सुमारास म्हणजे वर्ग भरण्यापूर्वी मी एकेका केंद्रात जात असे. अनेक ठिकाणी पासपोर्ट विचारून नम्रपणे नकार मिळाला. फिलिपिन्सचे शिक्षक तेथे मोठ्या संख्येने आहेत, त्यांचा अनुभव चांगला असतो, आणि त्यांनाही गोऱ्या शिक्षकांपेक्षा कमी तासिका-दर मिळतो. हा भेद अन्यायाचा आहे आणि तो मुलाखतीत पटवून देऊन मिटत नाही. आपला दर किती हे मात्र स्पष्ट विचारून घ्यावे.

जेथे बोलावतात तेथे वीस-पंचवीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला लावतात, आणि निवड बहुधा तेथेच होते. व्यवस्थापक शिक्षकाच्या उच्चारांपेक्षा मुले किती बोलतात हे पाहत असतात. व्याकरणाची व्याख्या फळ्यावर लिहून देण्याची आपली शाळेतली रीत तेथे उपयोगी पडत नाही. मी बाजारातल्या फळांची चित्रे नेली, दुकानदार आणि गिऱ्हाईक अशा जोड्या लावल्या आणि स्वतः कमीत कमी बोलले. ख्मेर ही कंबोडियाची भाषा, आणि ती बोलणाऱ्यांकडून इंग्रजी शब्दाच्या शेवटचा ‘स’ वारंवार गळतो, त्यामुळे अनेकवचन आणि वर्तमानकाळातील क्रियापद दोन्ही चुकतात. एवढ्या एका गोष्टीवर रोज पाच मिनिटे दिली तरी महिनाभरात फरक ऐकू येतो. तरीही मी मनापासून सांगते की समोरची मुले कष्टाचे पैसे भरून येतात, त्यांच्यावर आपला पहिला सराव करू नये. निघण्यापूर्वी काही महिने आपल्या वाड्यावरच्या मुलांना किंवा हॉटेलात काम करणाऱ्यांना इंग्रजी शिकवावे. ‘सेल्टा’सारख्या इंग्रजी अध्यापनाच्या १२० तासांच्या अभ्यासक्रमात सहा तास प्रत्यक्ष वर्गात शिकवून घेतात, ज्या स्वस्त ऑनलाइन प्रमाणपत्रात असा सराव नाही, त्याने अर्ज सजतो, हात मात्र बसत नाही.

पैशांबाबत एवढेच: कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण फाटकी किंवा डाग पडलेली नोट कोणी घेत नाही. खोलीची अनामत आणि पहिला पगार येईपर्यंतचा खर्च धरून निदान दोन-तीन महिन्यांची तजवीज बरोबर ठेवावी, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे त्यातून वेगळे काढून ठेवावेत.

तासावर पगार असल्यामुळे सुट्ट्यांचे दिवस बिनपगारी जातात, आणि त्या सुट्ट्या आपल्या पंचांगावरून सहज ओळखता येतात. आपला पितृपक्ष असतो त्याच सुमारास तेथे पितरांसाठी प्चुम बेन पाळतात, कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास जलोत्सव असतो आणि एप्रिलच्या मध्यावर नववर्ष येते. तिन्ही वेळा केंद्रे बंद राहतात, आणि प्चुम बेन व नववर्षाला शहर गावाकडे जाते. म्हणून चतुर्थी घरी करून, दिवाळीही आटोपून, कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावे. मग एप्रिलपर्यंत फारसा खंड न पडता वर्ग मिळतात.