झडलेल्या फोमची जोडी

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या स्पीकरांची जोडी पाहिली, तेव्हा दोन्ही वूफरच्या, म्हणजे जाड सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम बोट लावताच भुकटी होऊन गळला. मुंबईच्या दमट हवेत हे व्हायचेच, आणि त्यामुळेच मला भाव पाडून मागता आला. घेण्यापूर्वी मल्टिमीटर मात्र लावला, कारण ८ ओहमच्या वूफरच्या कॉइलचा (शंकू हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) रोध साधारण ६ ओहम भरला, तर कॉइल तुटलेली नाही एवढी खात्री होते.

नवी फोमची कडा बसवताना खरी कसोटी चिकटवण्याची नसून कॉइलचा मध्य साधण्याची असते. त्यासाठी डस्ट कॅप, म्हणजे शंकूच्या मधोमधची टोपी, कापून काढली, कॉइल आणि मधला खांब यांच्यातील फटीत कागदाच्या पट्ट्या सरकवल्या आणि गोंद रात्रभर वाळू दिला. पहिल्या वूफरच्या वेळी मी पट्ट्यांचा कंटाळा केला होता. कॉइल घासू लागली, तबल्याच्या डग्ग्यावर खरखर उमटली आणि सगळे पुन्हा सोलावे लागले.

क्रॉसओव्हरमधील, म्हणजे जाड आणि बारीक सूर वेगवेगळ्या स्पीकरांकडे वाटणाऱ्या सर्किटमधील, वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरऐवजी त्याच मूल्याचे नॉन-पोलर (कोणत्याही दिशेने जोडता येणारे) कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर मिळाले. लाकडी पेट्यांना पॉलिश केले नाही. त्यांवरचे डाग आईला खुपतात, मला नाही.