चष्म्यापेक्षा दिवा बरा

"तुमच्याकडे आता सगळे ते चष्मे घालूनच काम करत असतील ना?" हा प्रश्न पुण्याकडची मंडळी मला हमखास विचारतात. दोष त्यांचा नाही. मोबाइलवर फिरणारे व्हिडिओच तसे असतात. एक देखणा इंजिनियर डोळ्यांवर भलामोठा चष्मा चढवून हवेत बोटं फिरवतोय, समोर निळ्या रेषांचं इंजिन तरंगतंय आणि मागची फरशी अशी चकाचक की तिच्यावर जन्मात ऑइल सांडलं नसावं. मी जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात असेंब्ली लाईनचं प्लॅनिंग बघते. आमच्याकडेही तसा चष्मा आहे. कपाटात असतो. पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी चार्ज करतात.

रोजच्या कामाला येतं ते वेगळंच, आणि व्हिडिओत मिरवण्याइतकं ते भारी दिसतही नाही. आम्ही न्यूमॅटिक, म्हणजे दाबाखालची हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या, व्हॉल्व्हचे ब्लॉक जुळवतो. एका ऑर्डरीत बारा नग, पुढच्या ऑर्डरीत दोन, त्यापुढे एकच, आणि प्रत्येकाची जुळणी निराळी. टेबलावर ॲल्युमिनियम प्रोफाइलची चौकट आहे. तिच्या आडव्या दांडीवर प्रोजेक्टर आणि त्याच्या शेजारी डेप्थ कॅमेरा, म्हणजे चित्राबरोबर अंतरही मोजणारा. ऑर्डरच्या कागदावरचा बारकोड स्कॅन केला की समोरच्या रॅकमधल्या एका बिनवर, म्हणजे सुट्या भागांच्या डब्यावर, हिरवा चौकोन पडतो. हात त्या बिनमध्ये गेल्याचं कॅमेऱ्याला कळतं आणि उजेड बिनवरून उडी मारून ब्लॉकवर येतो. ज्या खाचेत ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी रिंग) बसवायची, नेमकं त्या खाचेभोवती कडं. चुकून शेजारच्या बिनमध्ये हात गेला तर तो बिन लाल होतो. स्क्रूगन ज्या आर्मवर लावलेली आहे त्याला आपण कुठल्या भोकावर आहोत ते समजतं. भलत्याच भोकावर ट्रिगर दाबला तर गन फिरतच नाही. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पुरा झाला की पुढची पायरी.

यात वाचायचं काही नाही आणि ऐकायचंही काही नाही. आमच्या लाईनवर तुर्की, क्रोएशियन, सीरियन, रोमानियन आणि अस्सल श्वाबियन, म्हणजे याच भागातली, अशी सगळी माणसं आहेत. श्वाबियन लोकांची जर्मन तर उत्तरेकडच्या जर्मनांनाही धड कळत नाही, तिथे आपली काय कथा. उजेडाला भाषा लागत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी सोय.

चाकण-भोसरीवाले एव्हाना म्हणाले असतील, हे तर पोका-योके! अगदी बरोबर. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी १९६०च्या दशकात रुजवलेला, चूक व्हायला जागाच ठेवायची नाही असा तो विचार, आणि तो शब्द आपल्याकडच्या शॉप फ्लोरवर मराठीइतकाच मुरलाय. फरक इतकाच की पार्ट धरून ठेवणारं लोखंडी फिक्स्चर एका पार्टसाठी बनवलं आणि तो पार्ट बंद झाला की ते भंगारात जातं. उजेड पुढच्या ऑर्डरीला नवा आकार घेतो.

नखरे यालाही आहेत. मशीनिंग करून आलेलं ॲल्युमिनियम चकाकतं, त्यावर प्रोजेक्टरचा उजेड पसरून जातो. जूनमध्ये छताच्या काचेतून ऊन टेबलावर आलं की हिरवा चौकोन फिका पडतो, म्हणून आता तिथे पडदा आहे. काळ्या ग्लोव्ह्जमधला हात कॅमेऱ्याला नीट दिसेना, म्हणून राखाडी ग्लोव्ह्ज आले. असली कामं कुठल्याही माहितीपत्रकात नसतात, आणि माझे दिवस बरेचसे त्यातच जातात.

गंमत म्हणजे या सगळ्याची सुरुवात चष्म्यापासूनच झाली. ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे समोरच्या खऱ्या वस्तूवर माहितीचा थर चढवणं. हे नाव १९९०च्या सुमारास टॉम कॉडेल यांनी दिलं, आणि ते कुठल्या गेमिंग कंपनीत नव्हे, तर बोइंगमध्ये होते. विमानातल्या वायरींचे जुडगे मोठमोठ्या फळ्यांवर खिळ्यांमधून ओढून तयार करतात. प्रत्येक प्रकाराला वेगळी फळी. कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२च्या निबंधात कल्पना मांडली की फळी कोरी ठेवा आणि वायर कुठून न्यायची ते कामगाराच्या डोळ्यांसमोरच्या पडद्यावर दाखवा. जर्मनीतही १९९९ ते २००३ या काळात सीमेन्सच्या पुढाकाराने ‘आर्विका’ हा मोठा प्रकल्प झाला. म्हणजे ‘येत्या पाच वर्षांत सगळे चष्मा घालतील’ हे भाकीत तेव्हापासून चालू आहे.

मग गूगलचा चष्मा, गूगल ग्लास आली. ग्राहकांनी नाकारल्यावर २०१७ मध्ये ती कारखान्यांसाठी म्हणून पुन्हा आणली आणि मार्च २०२३ मध्ये तीही विकणं थांबलं. मायक्रोसॉफ्टची होलोलेन्स २, किंमत साडेतीन हजार डॉलर, वजन ५६६ ग्रॅम. २०२४ मध्ये तिचंही उत्पादन बंद झालं. अर्ध्या किलोहून जास्त ओझं डोक्यावर घेऊन आठ तासांची शिफ्ट करून बघा म्हणजे कारण कळेल. बॅटरी दोन-तीन तासांची, घाम येतो तो वेगळा, आणि ज्याला आधीच नंबरचा चष्मा आहे त्याची तर शोभाच.

चष्मा सगळीकडे फसला असं मात्र नाही. गोदामात हिंडून माल वेचणाऱ्याला टेबल नसतं, त्याचे दोन्ही हात मालात गुंतलेले. तिथे तो शोभतो. डीएचएल या माल पोचवणाऱ्या कंपनीने नेदरलँड्समधल्या बर्गन ऑप झोम इथे २०१५ साली ही चाचणी घेतली आणि काम २५ टक्क्यांनी वेगवान झाल्याचं सांगितलं. दुसरी जागा आहे दुरून दुरुस्तीची. इथल्या कंपनीचं मशीन चाकणमध्ये बसवलंय, ते अडलं. तिथला टेक्निशियन चष्मा घालतो, त्याला जे दिसतं तेच इथल्या तज्ज्ञाला स्क्रीनवर दिसतं आणि तो नेमक्या व्हॉल्व्हवर बाण काढून देतो. कोरोनात विमानं बंद असताना कितीतरी मशीनं अशीच चालू झाली. पण ते तास-दोन तासांचं काम. रोजच्या आठ तासांना साधी साधनंच टिकतात. एअरबसने ए३८० विमानाच्या सांगाड्यातले हजारो ब्रॅकेट जागेवर आहेत की नाही हे तपासायला टॅबलेटवर थ्रीडी मॉडेल आणि कॅमेऱ्याचं चित्र एकावर एक दाखवलं. तीन आठवड्यांची तपासणी तीन दिवसांवर आली असं त्यांनी सांगितलं, आणि तेही कुणाच्या डोक्यावर काही न चढवता.

आता मला यातलं सगळ्यात आवडतं ते सांगते. टेबलावर उजेड पाडण्याचं बरंचसं संशोधन स्टुटगार्ट विद्यापीठात झालं. २०१३ ते २०१६ मध्ये ‘मोशन-ईएपी’ नावाचा प्रकल्प होता, त्यात ऑडीसारखी कंपनी होती आणि तिच्या जोडीला सिंडेलफिंगनची अपंगांच्या कार्यशाळा चालवणारी संस्था. जर्मनीत अशा कार्यशाळांमध्ये तीनेक लाख माणसं काम करतात. मोबदला तुटपुंजा, महिन्याला सरासरी दोनशे-सव्वादोनशे युरो, आणि त्यावर इथे बरीच टीका होते, रास्तच.

आम्ही अशीच एक कार्यशाळा पाहायला गेलो होतो. तिथे क्लॅम्प जुळवत होते. जुन्या टेबलावर लाकडाची एक फळी होती, तिच्यात वॉशरच्या मापाच्या दहा खळग्या. मोजता येत नसलं तरी खळग्या भरल्या की दहा झाले, पिशवीत ओता. शेजारच्या नव्या टेबलावर वरून उजेड. तिथे बसलेल्या गृहस्थांना पायऱ्यांचा क्रम लक्षात राहत नसे, म्हणून पूर्वी दर नगाला कुणीतरी शेजारी उभं राहून ‘आता हे, मग ते’ सांगायचं. आता ते आपापलं करत होते. लाल दिवा लागला तर मान हलवून हात मागे घ्यायचे, दुसरा बिन धरायचे. आमच्या मॅनेजरने अभ्यागताच्या थाटात त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली तर त्यांनी बोट दाखवून त्याला उजेडातून बाजूला व्हायला लावलं.

स्टुटगार्टच्या त्या संशोधनातून एक गोष्ट स्पष्ट झाली, आणि आमच्या लाईनवर तीच आली. नवख्याला या सूचनांचा फायदा होतो; मुरलेल्या कामगाराचा वेग मात्र त्यामुळे मंदावतो. आमच्याकडे एक काका आहेत. काका मी मनातल्या मनात म्हणते, इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. १९६१च्या जर्मनी-तुर्कस्तान भरती करारानंतर त्यांचे वडील इथे आले. काका चार ओ-रिंग एकदम उचलतात, तीन करंगळीवर अडकवतात आणि एकेक करत ब्लॉकमध्ये दाबत जातात. स्क्रूही मूठभर घेतात. यंत्रणेला हवं होतं की एक ओ-रिंग घ्या, बसवा, पुन्हा बिनकडे जा. त्यामुळे काकांचं टेबल दिवसभर लालेलाल. "दिवा लागेपर्यंत माझा हात परत आलेला असतो," ते म्हणाले. आणि खरंच आलेला असायचा.

म्हणून आम्ही तीन पातळ्या केल्या. पहिलीत सगळं दाखवायचं. दुसरीत नेहमीच्या ब्लॉकपेक्षा जे वेगळं आहे तेवढंच. तिसरीत अंधार, फक्त चूक झाली तर लाल. पातळी निवडणार काम करणारा, फोरमन नाही. काका तिसरीवर असतात. ऑगस्टच्या लांब सुट्टीवरून आले की मात्र पहिला तासभर स्वतःहून पहिलीवर जातात.

पातळी कामगारानेच निवडायची, हे ठरवायला मात्र प्रोजेक्टर बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. इथे कामगारांनी निवडून दिलेली समिती असते, ‘बेट्रीब्सराट’. १९७२च्या कायद्याचं ८७वं कलम सांगतं की कामगारांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवू शकेल अशी यंत्रणा आणताना या समितीची संमती लागते. आता जो कॅमेरा बिनमध्ये गेलेला हात ओळखतो, त्याला तो हात किती वेळाने परत आला हेही कळणारच. समितीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. बैठकांवर बैठका झाल्या, प्रोजेक्टर खोक्यात पडून राहिले. शेवटी लेखी ठरलं की चित्रं साठवायची नाहीत, वेळेची नोंद नावानिशी ठेवायची नाही, आणि कोण कुठल्या पातळीवर काम करतं हे वरिष्ठांना दिसणार नाही.

प्लॅनिंगवाली म्हणून मला ती आकडेवारी हवी होती, खोटं कशाला बोलू. मी व्हिडिओ कॉलवर कुरकूर केली तर बाबा हसायला लागले. बाबा पिंपरीत फिटर होते. टाइम-स्टडीवाला स्टॉपवॉच घेऊन मागे उभा राहिला की सगळी लाईन ठरवून सावकाश हात चालवायची, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "तुझ्या कॅमेऱ्यालाही खोटेच आकडे मिळाले असते," म्हणाले.

मध्यंतरी पॉलिटेक्निकमधल्या मित्राचा फोन आला. तो चाकणला एका पुरवठादार कंपनीत आहे. त्यांच्या साहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात असलं टेबल पाहिलं आणि आता तीन टेबलांचं डोक्यात घेतलंय. "किती खर्च येईल गं?" मी म्हटलं, टेबलाचं सोड, ते एकदाच घ्यायचं. डिझाइनमध्ये एक स्क्रू बदलला तरी उजेडाची ती पायरी कुणीतरी बसून बदलावी लागते. आमच्याकडे त्या कामाला पूर्ण वेळ एक माणूस आहे, आणि तो आजारी पडला की दिवा जुन्याच भोकावर पडतो. तुमची आत्ताची वर्क इन्स्ट्रक्शन तरी ताजी आहे का? तो हसला. भिंतीवर लॅमिनेट करून लावलेल्या कागदावर जो पार्ट आहे तो केव्हाच बंद झालाय, म्हणाला.

"मग आधी तो कागद बदलायला माणूस माग."

"अगं, प्रोजेक्टर मंजूर होतील," तो म्हणाला, "माणूस नाही होणार."