कोकणात राहूनसुद्धा बर्नआउट होतं – माझा अनुभव

"तुला कसलं टेन्शन गं, तू तर कोकणात बसून काम करतेस." हे मला पुण्याच्या कलीग्जनी ऐकवलंय, मुंबईच्या मावसबहिणीने ऐकवलंय, गणपतीला येणाऱ्या झाडून सगळ्या चाकरमान्यांनी ऐकवलंय. समोर समुद्र, मागे हापूसची कलमं, आईच्या हातचं जेवण, वर पगार पुण्याचा. ऐकायला भारीच आहे आणि खोटंही नाही. तरी मला बर्नआउट झालं, म्हणजे कामाच्या ताणाने मी पार रिकामी झाले, ते इथेच, ह्याच घरात. बरेच जण "एक दिवस सगळं सोडून गावाला जायचं" हा इलाज मनात धरून दिवस काढत असतात, पण गावाला लॅपटॉपपण सोबत येतो हे त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी बॅकएंड डेव्हलपर, म्हणजे ऍपच्या मागे सर्व्हरवर चालणारा भाग लिहिणारी. कंपनी पुण्याची, क्लायंट अमेरिकेचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी आले ती रिमोटवरच राहिले. रत्नागिरीहून भाट्ये पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की आतल्या बाजूला आमचं गाव. सुरुवातीला खरंच मजेत होते. मग टीममधले दोघं सोडून गेले, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, आणि ऑन-कॉलची पाळी (सिस्टिम बिघडली तर रात्री-अपरात्री उठून बघायची जबाबदारी) जी महिन्यातून एकदा यायची ती एक आठवडाआड यायला लागली. रात्री साडेआठला क्लायंटचा कॉल, तो नोव्हेंबरमध्ये साडेनऊला जातो कारण तिकडे घड्याळं एक तास मागे करतात. घड्याळ तिकडचं हलतं आणि ताट इथे झाकून ठेवावं लागतं.

सगळ्यात वाईट होते ते अलर्ट, सिस्टिमने आपोआप पाठवलेले इशारे. रात्री दीडला फोन किंचाळणार, "सीपीयू ८० टक्क्यांच्या वर", मी उठून लॉगिन करेपर्यंत तो आपोआप खाली आलेला. करायचं काही नाही, पण झोप गेली ती गेलीच. त्यात आमच्याकडे पहिला पाऊस पडला की फायबर कुठेतरी तुटणार आणि घरात मोबाईलला जेमतेम एक काडी. मग स्कूटर काढून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर जायचं. बाबा एकटीला सोडायचे नाहीत, मागे बसून यायचे. एकदा जूनमध्ये मध्यरात्रीनंतर पेमेंटची सर्विस खरोखरच पडली होती, स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप, त्याच्यावर बाबांनी धरलेली छत्री, दुसऱ्या हातात टॉर्च, आणि मी ओल्या बोटांनी कमांड मारतेय. सर्विस वर आली. बाबांनी विचारलं, "बाय, तुझ्या अमेरिकेत आता किती वाजले?" म्हटलं दुपारचे चार. "मग त्यांना दिसतंय की चांगलं, त्यांनाच करायला सांग ना," म्हणाले. ह्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं आणि अजूनही नाहीये.

त्या पावसाळ्यात हळूहळू मी बिघडत गेले. फोन वाजलेला नसताना वाजल्यासारखा वाटायचा. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा. पीआर (दुसऱ्याने केलेला कोडमधला बदल) रिव्ह्यूला उघडला की तीच ओळ परत परत वाचतेय, डोक्यात काहीच शिरत नाहीये. ज्या पोरांना मी हौसेने शिकवलं होतं त्यांचे प्रश्न आले की चीड यायची. स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) सगळे मूर्ख वाटायचे, आणि कॉल संपला की सगळ्यात मूर्ख मीच वाटायचे. आईने चहा पुढे केला तरी खेकसायचे. छातीत धडधडतंय म्हणून ईसीजी काढला, तो नॉर्मल.

सल्ले तर काय, रांग लागली. मेडिटेशनचं ऍप झालं, सूर्यनमस्कार झाले, आत्याने मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली (वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं दहा मिनिटं), "लग्न कर म्हणजे डोक्यातलं जाईल" हेही झालं. गणपतीत आठवडाभर सुट्टी टाकली, आरत्या, मोदक, घर माणसांनी भरलेलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला, पासवर्ड टाकला आणि परत मिटला. हात थरथरत होते. सुट्टीत जे काही भरून आलं होतं ते पहिल्या नोटिफिकेशनला संपलं.

मग डॉक्टर. आता रत्नागिरीच्या माणसाला सायकियाट्रिस्टकडे जायचं म्हणजे वेगळाच घोळ असतो. आमच्याकडे १८८६ पासूनचं मनोरुग्णालय आहे, त्यामुळे "ह्याला रत्नागिरीला भरती करा" हा जोक मी पुण्यात कॉलेजपासून ऐकत आलेय आणि हसतही आलेय. स्वतःवर आल्यावर आधी चक्क लपून फोन केला, टेलि-मानसला, १४४१६. सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. पलीकडच्या बाईंनी घाई न करता सगळं ऐकलं आणि म्हणाल्या झोप आणि भूक इतके आठवडे गेलीये तर प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवा. मग रत्नागिरीतल्याच एका प्रायव्हेट डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी आधी रक्त तपासायला पाठवलं, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन, कारण थकवा त्यानेही येतो. माझं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, पण एवढ्याने काम भागणार नव्हतं. त्यांच्याकडून कळलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ मध्ये, म्हणजे त्यांच्या आजारांच्या वर्गीकरणात, बर्नआउटची व्याख्या दिलीये, तीन गोष्टी, शक्ती संपणं, कामाबद्दल मन आंबून जाणं आणि आपल्याच्याने काही होत नाही असं वाटणं, पण त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागी नीट न हाताळलेल्या ताणातून होणारी गोष्ट म्हटलंय. माझं मात्र त्याच्या पुढे जाऊन डिप्रेशनपर्यंत पोचलं होतं, म्हणून गोळी सुरू केली. पहिला आठवडाभर मळमळलं, फरक पडायला तीनेक आठवडे गेले, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही हे त्यांनी दोनदा बजावलं. गोळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुमची तुमच्या डॉक्टरांना ठरवू दे. खर्चाचं सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरायचा असतो, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही त्यामुळे फी, गोळ्या सगळं खिशातून.

मला खरं हलवलं ते काउन्सेलरच्या एका कागदाने. ख्रिस्टिना मॅस्लॅक आणि मायकेल लायटर ह्या दोघांनी बर्नआउटवर आयुष्यभर काम केलंय, त्यांनी काम आणि माणूस कुठे कुठे बिनसतात त्याच्या सहा जागा सांगितल्यात: कामाचं ओझं, आपल्या हातातला ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. मी डोळे झाकून ओझ्यावर टिक करणार होते. काउन्सेलर बाईंनी विचारलं, ह्याच्यापेक्षा जास्त तास कधी काम केलंयस का? केलं होतं, तीन वर्षांपूर्वीच्या रिलीजला, रात्र रात्र जागून, आणि तेव्हा मजा आली होती. कारण तेव्हा काय बनवायचं, कसं बनवायचं हे मी ठरवत होते. आता फोन ठरवत होता. ओझं होतंच, पण खरी बोंब ताब्याची होती.

हे कळल्यावर काय मागायचं ते कळलं. महिनाभराची मेडिकल लीव्ह घेतली (सर्टिफिकेटवर काय लिहिलंय ह्याची मलाच जास्त धाकधूक, एचआरने बघून फाइलला लावलं आणि संपलं), आणि परत आल्यावर मॅनेजरशी बोलले. पहिलं उत्तर "अगं सगळ्यांनाच स्ट्रेस आहे." मग मी बोलणं सोडलं आणि मागच्या तीन महिन्यांचा ऑन-कॉलचा लॉग एक्सेलमध्ये काढला, प्रत्येक अलर्टपुढे एकच कॉलम: माणसाला काही करावं लागलं का? बहुतेक रकान्यांत "नाही". ते शीट मेलला जोडून लिहिलं की जिथे माणसाने लगेच काही करायची गरज नाही तो अलर्ट रात्री वाजायला नको, सकाळी तिकीट बनून यावा. अमेरिकेतल्या टीमने त्यांच्या दिवसातले अलर्ट बघावेत. आणि रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळ सुट्टी. गूगलच्या एसआरई टीममध्ये (सिस्टिम चालू ठेवणारे इंजिनिअर) असल्या ऑपरेशनच्या कामाला वेळेच्या पन्नास टक्क्यांची मर्यादा असते हेही टाकलं, साहेब लोकांना गूगलचं नाव आवडतं.

पहिलं लगेच मान्य झालं कारण पैसे लागत नव्हते. सकाळच्या सुट्टीला वेळ लागला पण झालं. अमेरिकेचं अर्धवट झालं, शनिवार-रविवार अजून आपल्याच गळ्यात. नोकरी बदलायचा विचार होता, पण नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड आणि डोकं जाग्यावर नसताना इंटरव्ह्यू म्हणजे दुष्काळात तेरावा, म्हणून डॉक्टरांनीच म्हटलं आत्ता मोठे निर्णय नकोत.

लीव्हचे दिवस एप्रिलचे, म्हणजे आंब्याचे. बाबांबरोबर बागेत जायचे. झेल्याने (लांब काठीला लावलेल्या जाळीने) आंबा देठासकट उतरवायचा, देठ तुटला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतो, भाव जातो. चौदा आणे तयार तेवढाच काढायचा. निवांत वगैरे काही नसतं हं, थ्रिप्स (मोहोरावरची कीड), अवकाळी, दलाल, बाबांचं टेन्शन माझ्याहून जास्त. पण आंबा कधी काढायचा ते आंबा बघून आम्ही ठरवायचो. एका म्हाताऱ्या कलमाखाली पेंढा पसरताना बाबा म्हणाले, "ह्याला कल्टार (दरवर्षी मोहोर यावा म्हणून मुळाशी घालायचं औषध) घालघालून दरवर्षी धरायला लावला. हापूस एक वर्षाआड धरतो, ती त्याची जात. खत कमी पडलं आणि आता बघ, फांद्या वाळतायत. तुलापण त्यांनी कल्टार घातलाय." एवढं बोलून पुढच्या झाडाकडे गेले.

आता वर्ष होत आलंय. गोळी डॉक्टर हळूहळू कमी करतायत. झोप लागते, फोन रात्री वाजला तर खरंच काहीतरी पडलेलं असतं. कोड परत आवडायला लागलाय असं रोज म्हणता येणार नाही, काही दिवस आवडतो. पुढच्या महिन्यात टीममध्ये नवीन मुलगा येतोय, चिपळूणचाच आहे, तोही घरूनच काम करणार. त्याला पहिले तीन महिने रात्रीचा ऑन-कॉल द्यायचा नाही असं मॅनेजरकडून मेलवर लिहून घेतलंय, आणि त्याला आधीच सांगितलंय की पावसाळ्याच्या आत दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन ठेव.