त्वचारोग परिषदेतल्या वक्त्यांचा परिचय कसा तयार होतो: माझा अनुभव

राज्यस्तरीय त्वचारोग परिषदेच्या सायंटिफिक कमिटीत वक्त्यांची माहिती गोळा करून तपासण्याचं काम माझ्याकडे असतं. बाहेरून ते कारकुनी वाटतं. बायोडेटा मागवायचा, फोटो मागवायचा, छपाईला द्यायचा. पण सभागृहात बसलेला तालुक्याच्या गावचा त्वचारोगतज्ज्ञ सोमवारी आपल्या ओपीडीत काय बदलणार, हे बऱ्याच अंशी त्या परिचयावर ठरतं. समोर बोलणाऱ्याने तो उपचार स्वतः किती वर्षं केलाय, कुठल्या रुग्णांवर केलाय, त्या औषधाच्या कंपनीकडून त्याला मानधन मिळतं का, हे कळल्याशिवाय त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. त्यामुळे परिचय लिहिताना आम्ही एकच प्रश्न समोर ठेवतो: या विषयावर याच व्यक्तीने का बोलायचं?

पहिली गोष्ट म्हणजे बायोडेटा मागवायचाच नाही. मागवला की पंधरा पानं येतात, त्यातली दहा पानं हजर राहिलेल्या कार्यशाळांची असतात आणि नेमकं हवं ते सापडत नाही. त्याऐवजी परिषदेच्या साधारण दहा आठवडे आधी छोटा फॉर्म पाठवायचा. त्यात राज्याच्या मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीवर आहे तसं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि राज्य, पदवी, ती देणारं विद्यापीठ किंवा मंडळ आणि वर्ष, सध्याचं पद, दिलेल्या विषयातला प्रत्यक्ष अनुभव तीन ओळींत, त्या विषयावरचे जास्तीत जास्त तीन शोधनिबंध, आणि गेल्या 36 महिन्यांतले आर्थिक संबंध. फॉर्म एखाद्या सहायकाने भरला तरी चालतो, पण अनुभवाच्या तीन ओळी वक्त्याने स्वतः लिहाव्यात असं आम्ही स्पष्ट कळवतो. सहायक जुन्या परिषदेतला मजकूर जसाच्या तसा उतरवतात, आणि त्यात पाच वर्षांपूर्वी सोडलेलं पदही तसंच राहतं.

पदव्यांपाशी सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. भारतात त्वचारोगतज्ज्ञ होण्याच्या वाटा अनेक आहेत. तीन वर्षांची एमडी, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी, आणि दोन वर्षांची पदविका, जी कुणाच्या प्रमाणपत्रावर डीव्हीडी आहे, कुणाच्या डीडीव्हीएल, तर कुणाच्या डीडीव्ही. मुंबईच्या 1912 साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या पदविका आणि फेलोशिपही ज्येष्ठ डॉक्टरांकडे असतात. एमडीचंही नाव सगळीकडे सारखं नाही. जुन्या प्रमाणपत्रांवर ‘स्किन अँड व्हीडी’ असतं, नव्यांवर त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग तिन्ही असतात. इथे सगळ्यांना एका साच्यात बसवायचा मोह होतो, तो टाळावा. प्रमाणपत्रावर जे आहे तेच छापावं. विद्यापीठाचंही तसंच. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे एमयूएचएस, 1998 सालचं. त्यापूर्वी एमडी झालेल्यांची पदवी मुंबई, पुणे, नागपूर अशा आपापल्या विद्यापीठाची असते. 1985 साली एमडी झालेल्या सरांच्या नावापुढे एमयूएचएस दिसलं, की मजकूर कुणीतरी अंदाजाने भरलाय हे लगेच कळतं.

यापुढचा गुंता फेलोशिपचा. विद्यापीठाची वर्षभराची फेलोशिप म्हणजे त्या विषयात रोज हात घालून घेतलेलं शिक्षण. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीचं एफएएडी हे मुळात सदस्यत्व आहे. तिथली तज्ज्ञतेची परीक्षा म्हणजे अमेरिकन बोर्ड ऑफ डर्मेटॉलॉजीची. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची एमआरसीपी परीक्षा देऊन मिळते, एफआरसीपी हा कॉलेजने निवडून दिलेला मान आहे. एमएनएएमएस हे राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान अकादमीचं सदस्यत्व, ते डीएनबीला जोडून लिहिण्याची पद्धत आहे, पण दोन पदव्या म्हणून मोजू नये. आणि वीकेंडच्या कोर्सचं प्रमाणपत्रही कधीकधी ‘फेलो’ याच शब्दाने येतं. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार नावापुढे मान्यताप्राप्त पदव्या, आणि व्यावसायिक ज्ञान किंवा विशेष कर्तृत्व दाखवणारी प्रमाणपत्रं, सदस्यत्वं व सन्मान एवढंच लावता येतं; त्या शाखेची खास पदवी नसेल तर स्वतःला तज्ज्ञ म्हणवता येत नाही. 2023 साली आलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून कमिटीने जुनीच संहिता हाताशी ठेवावी. आम्ही नावापुढे फक्त पदव्युत्तर पदवी छापतो. फेलोशिप विषयाशी संबंधित असेल तर मजकुरात कालावधीसह येते: ‘डर्मेटोसर्जरीत (त्वचेच्या शस्त्रक्रियांत) एक वर्षाचं प्रशिक्षण’. कालावधी लिहिला की बाकी काही बोलावं लागत नाही.

नोंदणी तपासायला राज्य कौन्सिलची यादी आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरची देशव्यापी नोंदवही अशा दोन जागा आहेत. नावाने शोधलं तर अर्धा दिवस जातो, नोंदणी क्रमांक, राज्य आणि वर्ष टाकून शोधावं. तरी काही नावं सापडत नाहीत, त्याची कारणं ठरलेली आहेत. लग्नानंतर नाव बदललं पण नोंदणी माहेरच्या नावाने आहे. आडनाव आधी की शेवटी यात फरक आहे. डॉक्टर दुसऱ्या राज्यातून आले आणि जुना क्रमांकच देत आहेत. आणि एमबीबीएस नोंदलेलं आहे पण एमडी नाही, कारण अतिरिक्त पदवीची नोंद वेगळा अर्ज करून घ्यावी लागते आणि अनेकांची ती राहून गेलेली असते. या शेवटच्या प्रकारात शंका घेऊ नये. शांतपणे फोन करून प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि नोंद करून घ्यायला सुचवावं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट, म्हणजे हजर राहणाऱ्या डॉक्टरांना मिळणारे शिक्षणाचे गुण, मिळवायचे असतील तर अर्जासोबत कार्यक्रम आणि वक्त्यांची माहिती द्यावी लागते, आणि डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 पॉइंट लागतात. म्हणजे एका वक्त्याची अर्धवट माहिती शेकडो प्रतिनिधींच्या कामात अडथळा आणू शकते.

पद लिहिताना ‘प्रोफेसर’ एवढं पुरत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात सहायक, सहयोगी आणि पूर्ण प्राध्यापक असे टप्पे असतात आणि विभागप्रमुख ही वेगळी जबाबदारी असते. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत मानद म्हणून वर्षानुवर्षं शिकवलेले खासगी डॉक्टर आहेत. त्यांचं ‘मानद’ आणि कार्यकाळ दोन्ही लिहावं, तो सेवेचा भाग आहे. सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेतले वक्ते, विशेषतः पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयातले, आपल्या श्रेणीने ओळखले जातात: ग्रेडेड स्पेशालिस्ट, क्लासिफाइड स्पेशालिस्ट, सीनियर अ‍ॅडव्हायझर. त्यांचा हुद्दा आणि ही श्रेणी दोन्ही छापावीत, आणि निवृत्त असतील तर तसं लिहावं.

आता मुख्य भाग, विषयातला अनुभव. ‘व्हिटिलिगो सर्जरीतले तज्ज्ञ, वीस वर्षांचा अनुभव’, म्हणजे कोडाच्या पांढऱ्या डागांवरच्या शस्त्रक्रियेतले, या ओळीतून काहीही कळत नाही. वीस वर्षं एमबीबीएसपासून की एमडीपासून? आम्ही विचारतो ते असं: कोणती पद्धत करता, पंच ग्राफ्टिंग, सक्शन ब्लिस्टर की पेशींचं सस्पेन्शन? सस्पेन्शन स्वतः तयार करता की वेगळी टीम आहे? डाग किती काळ स्थिर असेल तर शस्त्रक्रियेला घेता? रुग्णांना पुढे किती महिने पाहता? या उत्तरांतून दोन ओळींचा परिचय तयार होतो आणि तो ऐकणाऱ्याच्या उपयोगाचा असतो. ज्याच्याकडे साधं ओटी आणि पंच आहे त्याला कळतं की हे व्याख्यान आपल्यासाठी आहे. ज्यांच्या पद्धतीला इन्क्युबेटर आणि सेंट्रिफ्यूज लागतं त्यांचं तेही आधीच कळतं.

लेसरचं तसंच. ‘लेसर एक्स्पर्ट’ हा शब्द आम्ही काढून टाकतो आणि कोणत्या यंत्रावर काम केलंय ते लिहितो: केस काढण्यासाठी 810 नॅनोमीटरचा डायोड, रंगद्रव्यासाठी 1064 चा क्यू-स्विच्ड, व्रणांसाठी 10,600 चा फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर हे यंत्र चालवताना काळे डाग पडण्याची भीती मोठी, म्हणून वक्त्याने कुठल्या वर्णाच्या रुग्णांवर काम केलंय हे विचारणं गरजेचं आहे. युरोपातून आलेल्या वक्त्यालाही हा प्रश्न आदराने विचारावा. यंत्र स्वतःचं आहे, भाड्याचं आहे की कंपनीने प्रात्यक्षिकासाठी दिलंय, हे मात्र हितसंबंधाच्या रकान्यात जातं. केशरोपणाच्या सत्रात आणखी एक दक्षता: हे काम कोणत्या शिक्षणाच्या डॉक्टरने करावं याबद्दल आयोगाने 2022 साली सूचना काढल्या आहेत, त्या वाचूनच नावं पक्की करावीत. ‘ट्रायकॉलॉजिस्ट’ (केसांचा तज्ज्ञ) हे आपल्याकडे वैद्यकीय शाखेचं मान्य नाव नाही, परिचयात ते पदवीसारखं येऊ देऊ नये.

त्वचारोग परिषदेत सगळे वक्ते त्वचारोगतज्ज्ञच असावेत असं नाही, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सध्या गजकर्णाने सगळ्यांना हैराण केलंय. टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणाऱ्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीबद्दल खरं बोलू शकतो तो प्रयोगशाळेत कल्चर लावून औषधाची किमान मात्रा मोजणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्याच्या परिचयात त्याची लॅब काय काय तपासते ते लिहावं, सन्मानांची यादी नव्हे. कुष्ठरोगाच्या सत्रात तर विकृती सुधारणारे सर्जन, फिजिओथेरपिस्ट, गावोगाव फिरून रुग्ण शोधणारे निमवैद्यकीय कार्यकर्ते या सगळ्यांना बोलावं लागतं. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय 1890 पासून आहे, आनंदवन आहे. या राज्यात हा अनुभव पिढ्यांचा आहे. कुष्ठरोगावर अनेक औषधं एकत्र देण्याचा बहुविध औषधोपचार आला 1982 साली. त्याआधी फक्त डॅप्सोन या एका औषधावर रुग्ण सांभाळलेला कार्यकर्ता समोर बसला असेल, तर त्याच्या नावापुढे एकही अक्षर नसलं तरी परिचयाची पहिली ओळ तीच हवी. असे लोक फॉर्ममध्ये स्वतःबद्दल जवळजवळ काहीच लिहीत नाहीत. त्यांना फोन करावा, मराठीत बोलावं, कोणत्या तालुक्यात, कोणत्या वर्षांत, काय काम केलं ते विचारून आपण लिहावं आणि वाचून दाखवून होकार घ्यावा.

शोधनिबंध तपासताना पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर ‘पाटील एस’ किंवा ‘कुलकर्णी ए’ टाकलं तर शेकडो नोंदी येतात, त्यातल्या बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या असतात. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक असेल तर तो घ्यावा, नसेल तर संस्था आणि विषय जोडून शोधावं. निबंधांची एकूण संख्या आम्ही छापत नाही. औषधचाचणीत प्रमुख संशोधक होतो असं कुणी लिहिलं असेल तर ते भारताच्या चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, पाहता येतं. जून 2009 पासून तिथे नोंद बंधनकारक आहे. ‘गोल्ड मेडलिस्ट’ लिहिलेलं असेल तर कोणत्या परीक्षेत, कोणत्या विद्यापीठात, कोणत्या साली ते विचारावं. तिन्ही मिळालं तर अभिमानाने छापावं.

हितसंबंधाचा रकाना बहुतेक जण ‘नाही’ लिहून मोकळे होतात, कारण प्रश्न मोघम असतो. ‘काही हितसंबंध आहेत का’ असं न विचारता सुटे प्रश्न विचारावेत: व्याख्यानाचं मानधन, सल्लागार मंडळ, चाचणीसाठी निधी, प्रवासखर्च, शेअर, स्वतःचं क्रीम किंवा शाम्पूचं उत्पादन. असं विचारलं की उत्तरं येतात. सोरायसिसच्या बायोलॉजिक औषधावर बोलणारा डॉक्टर त्याच औषधाच्या चाचणीत असणं यात गैर काही नाही, उलट त्याला ते औषध इतरांपेक्षा जास्त माहीत असतं. पण ऐकणाऱ्याला ते कळलं पाहिजे. 2024 च्या औषधविपणन संहितेनुसार कंपनी डॉक्टरच्या प्रवासाचा खर्च तो वक्ता असेल तरच करू शकते. त्यामुळे पॅनेलवर आणखी दोन नावं घ्या, असा कंपन्यांचा आग्रह होऊ लागतो. आमचं धोरण असं की ज्याला स्वतःचा विषय आणि किमान आठ मिनिटं दिलेली नाहीत, त्याचं नाव वक्त्यांच्या यादीत येत नाही.

परिचयाची लांबी 60 शब्द. साध्या वेगाने वाचले तर अर्धा मिनिट होतं. एका सभागृहात सकाळच्या सत्रात दहा व्याख्यानं असतील आणि प्रत्येक परिचयाला दोन मिनिटं गेली, तर वीस मिनिटं गेली, म्हणजे दोन व्याख्यानं आणि प्रश्नोत्तरं. ‘सुप्रसिद्ध’, ‘आंतरराष्ट्रीय ख्यातीचे’, ‘ज्यांना परिचयाची गरज नाही’ हे सगळं काढायचं. काही ज्येष्ठांना हे कमी वाटतं. त्यांना पूर्ण परिचय क्यूआर कोडच्या पानावर आहे असं सांगितलं की बहुतेक मान्य करतात. चेअरपर्सनच्या हातात छापील कार्ड द्यावं, अक्षरं 16 पॉइंटची, नावाचा उच्चार देवनागरीत. दक्षिणेकडच्या आणि परदेशी नावांसाठी याचा फार उपयोग होतो.

छपाईच्या दहा दिवस आधी प्रत्येक वक्त्याला त्याचाच मजकूर परत पाठवायचा आणि लेखी होकार घ्यायचा. बदली होते, बढती मिळते, कुणी नोकरी सोडून दवाखाना टाकतो. आदल्या रात्री वक्ता बदललाच तर नव्या वक्त्याकडूनही तोच फॉर्म भरून घेतो, निदान नोंदणी, अनुभव आणि हितसंबंध एवढे रकाने तरी, आणि कार्ड हाताने लिहितो. मूळ वक्त्याचा परिचय वाचून नंतर ‘त्यांच्याऐवजी’ म्हणायचं नाही. कौन्सिलचा निरीक्षक आला की त्याला बदललेल्या नावाची नोंद आधी दाखवायची. परिषद संपून क्रेडिट पॉइंटचं काम झालं की प्रमाणपत्रांच्या प्रती आणि फोन नंबर सामायिक फोल्डरमधून काढून टाकायचे, आणि पुढच्या कमिटीला फक्त कोरा फॉर्म सुपूर्द करायचा.