लॉकहार्टच्या जागेवर एक दुपार

ऑर्लँडोहून फोर्ट लॉडरडेल म्हणजे गाडीने तीन-सव्वातीन तास. ६ डिसेंबर २०२५ ला सकाळी लवकरच भाचा आणि मी निघालो. दुपारी अडीचला मेजर लीग सॉकरची, म्हणजे एमएलएसची फायनल होती, इंटर मायामी विरुद्ध व्हँकुव्हर. सामना मायामीच्याच मैदानावर होणार हे जेमतेम आठवडाभर आधी ठरलं, तेव्हापासून भाचा तिकिटांच्या मागे लागला होता. मी कोल्हापूरचा. वर्ल्डकप आला की आमच्या पेठापेठांत मेस्सीचे मोठाले कटआउट उभे राहतात. मेस्सी तीन तासांवर खेळतोय आणि आपण सोफ्यावर बसून बघायचं, हे मनाला पटेना.

स्टेडियमच्या शेजारी एक छोटा विमानतळ आहे. डिसेंबर असूनही घामाने शर्ट पाठीला चिकटत होता. जिकडे बघावं तिकडे गुलाबी जर्सी, आणि पाठीवर दहा नंबर. गाड्यांच्या डिक्या उघडून माणसं खात-पीत बसलेली, थर्मासमधलं गरम पाणी ओतून 'माते' हा अर्जेंटिनाचा चहा प्यायचं चाललेलं, कानावर इंग्रजीपेक्षा स्पॅनिश जास्त. ढोल सुरू झाले आणि मला एकदम कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या तालमींच्या फुटबॉल सामन्याची आठवण झाली. ठेका वेगळा, पण पोटात होणारी धडधड अगदी तीच.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक गृहस्थ होते. सगळे गुलाबी रंगात आणि यांच्या गळ्यात मात्र लाल-पिवळ्या पट्ट्यांचा विरलेला मफलर. "फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्स, इथला जुना क्लब," त्यांनी मफलरवर बोट ठेवत सांगितलं. मग सामना सुरू होईपर्यंत ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो.

या जागेवर पूर्वी लॉकहार्ट स्टेडियम होतं. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉस या क्लबला आला आणि अमेरिकेत फुटबॉलचं वारं शिरलं. १४ ऑगस्ट १९७७ ला न्यूयॉर्कजवळच्या जायंट्स स्टेडियमवर ७७,६९१ माणसं जमली, तेव्हा कॉसमॉससमोर हेच स्ट्रायकर्स होते. हरले ८-३, पण त्या गर्दीचा अभिमान या गृहस्थांच्या चेहऱ्यावर अजून दिसत होता. पुढे लॉकहार्टवर जॉर्ज बेस्ट खेळला, गेर्ड म्युलर खेळला, पेरूचा कुबियास खेळला. नावं काय कमी होती? तरी स्ट्रायकर्स मिनेसोटाला हलले आणि १९८४ च्या मोसमानंतर हे क्लब खेळायचे ती अख्खी नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगच बंद पडली. लीगने भराभर संघ वाढवले होते, १९७८ मध्ये चोवीस. प्रत्येकाला आपला पेले हवा होता आणि तिजोरीत तेवढे पैसे नव्हते.

१९९४ चा वर्ल्डकप अमेरिकेला मिळाला तो नवी व्यावसायिक लीग काढायच्या बोलीवर. १९९६ मध्ये दहा संघांची एमएलएस सुरू झाली. या वेळी खेळाडूंचे करार क्लबऐवजी थेट लीगशी, पगाराला कमाल मर्यादा. कंजूषपणा वाटावा इतकी काळजी, पण माझ्या मते लीग तगली ती याच काळजीमुळे. तरीही २००१ नंतर दोन संघ गुंडाळावे लागले, त्यातला एक लॉकहार्टवरच खेळणारा मायामी फ्यूजन. म्हणजे या गृहस्थांचा दुसरा क्लबही गेला.

२००७ मध्ये बेकहॅम लॉस एंजेलिसला आला, तेव्हा त्याच्यासाठी पगाराच्या मर्यादेला दार ठेवलं गेलं. त्या नियमाला लोक आजही बेकहॅम नियमच म्हणतात. त्याच्या करारात आणखी एक कलम होतं: पुढे अडीच कोटी डॉलरमध्ये नवा संघ घ्यायची मुभा. तोच संघ इंटर मायामी. २००७ मध्ये लीगमध्ये तेरा संघ होते, आता तीस. तिसावा सॅन दिएगो, आणि त्याने प्रवेशासाठी सुमारे पन्नास कोटी डॉलर मोजले.

आणि जुलै २०२३ मध्ये आला मेस्सी. पहिल्याच सामन्यात, मेक्सिकोच्या क्रूझ अझुल क्लबविरुद्ध, चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला फ्रीकिकवर गोल. तो याच मैदानावर, आमच्या डोळ्यांसमोरच्या गवतावर.

टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, म्हणून एक गोष्ट कळत नाही. मेस्सी चालतो. नुसता चालतो, आणि मान सतत फिरत असते, डावीकडे, उजवीकडे, मागे. मी कितीतरी वेळ चेंडू सोडून त्याच्याकडेच बघत होतो. आठव्या मिनिटाला व्हँकुव्हरच्या स्वयंगोलने मायामीला आघाडी मिळाली. साठाव्या मिनिटाला अली अहमदने बरोबरी केली. लगेच त्यांचा एक फटका दोन्ही खांबांना लागून परत आला, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी माझं मनगट घट्ट धरलं. एकाहत्तराव्या मिनिटाला तो चालणारा माणूस एकदम झेपावला, चेंडू हिसकावला आणि डी पॉलला असा दिला की त्याने फक्त गोलमध्ये ढकलायचा. अगदी शेवटी आयेंदेचा तिसरा गोल, पासही मेस्सीचाच. ३-१. मायामीचं लीगचं पहिलं विजेतेपद.

व्हँकुव्हरकडून थॉमस म्युलर खेळत होता. "याच जागेवर मी दुसरा म्युलर पाहिलाय," गृहस्थ म्हणाले, आणि डोळे पुसू लागले.

मी त्यांना आमच्याकडचं सांगितलं. कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत, पेठेतली पोरंच खेळतात, कुणी पेले आला नाही तरी स्टेडियम भरतं, कारण संघ गल्लीचा असतो. त्यांनी विचारलं, "म्हणजे क्लब दुसऱ्या गावी कधी जातच नाही?" मी म्हटलं, तालीम कुठे जाणार? ते बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले. पेलेच्या वेळी इथे नेमकी ही गल्लीच नव्हती. आता मात्र उत्तरेकडच्या स्टँडमध्ये बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं गाणी पाठ म्हणत होती, आणि ती गाणी सगळीच्या सगळी मेस्सीची नव्हती.

मुख्य संघ पुढच्या वर्षी मायामी विमानतळाजवळच्या नव्या स्टेडियममध्ये जाणार होता. लोक बाहेर पडू लागले तरी गृहस्थ बसूनच होते. त्यांच्यासोबत आलेल्या नातवाने आपला गुलाबी मफलर काढून त्यांच्या गळ्यात लाल-पिवळ्यावर घातला आणि म्हणाला, "चला आजोबा, नव्या ठिकाणची तिकिटं मी काढलीत."