मागच्या कागदाने अडवलेल्या अकराशे सीडी

सीडी ठेवायची पातळ पाकिटं बदलून मिळायला एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस आमच्या घरात दारापासून खिडकीपर्यंत जायला एकच पायवाट होती. एका बाजूला सीडी, दुसऱ्या बाजूला त्यांचे कागद, आणि जिथे जागा मिळेल तिथे रिकाम्या डब्या. यात निम्मी चूक माझी आणि निम्मी पाकिटं विकणाऱ्याची. माझी मी कबूल करते. त्याने त्याची शेवटपर्यंत केली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझ्याकडे ११४० सीडी आहेत. पंचवीसेक वर्षं एकेक करून घेतल्या, काही मैत्रिणींनी "आता ऐकतंय कोण" म्हणत माझ्या गळ्यात घातल्या. मुलीला अभ्यासाला टेबल हवं होतं आणि टेबल मावेल अशी एकच भिंत होती, जिच्यावर वरपासून खालपर्यंत या सीडी. नवरा म्हणाला, "अगं, सगळं फोनवर मिळतं की." सगळं मिळत नाही, आणि मिळतं ते कधी नाहीसं होईल याचा नेम नाही. तो वाद इथे नको.

फूटपट्टी घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की नेहमीची प्लॅस्टिकची डबी १० मिलिमीटर जाड असते आणि आतली डिस्क फक्त १.२ मिलिमीटर. एक मीटर फळीवर जेमतेम शंभर डब्या बसतात, त्यात खऱ्या सीडी म्हणाल तर बारा सेंटिमीटर. उरलेलं प्लॅस्टिक, थोडा कागद आणि हवा. अकरा मीटर फळ्यांवर मी मुख्यतः हवा मांडून ठेवली होती आणि वर तिच्यावरची धूळही पुसत होते.

मग पर्याय बघितले. पानापानांना कप्पे असलेले अल्बम दिसायला झकास, पण मधे एक नवी सीडी घालायची झाली की पुढच्या सगळ्या एकेक घर सरकवायच्या. ज्याला क्रम लागतो त्याने त्या वाटेला जाऊ नये. ५ मिलिमीटरच्या पातळ डब्या घेतल्या तर जागा निम्मीच वाचते आणि डबीच्या मागचा, गाण्यांच्या यादीचा कागद तरीही बाहेरच राहतो. डिस्क एकावर एक रचून दांड्यात अडकवणं हे माझ्या दृष्टीने पाप आहे. उरली पातळ, पारदर्शक पाकिटं. आत डिस्क, पुस्तिका, मागचा कागद, सगळं मिळून तीन मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे साडेअकरा मीटरचं साडेतीन मीटर.

आणि इथेच माती खाल्ली. हजाराच्या वर पाकिटं एकदम मागवली, आणि ती यायच्या आधीच उत्साहाच्या भरात डब्या उघडायला बसले. सुट्टी होती, हात मोकळे होते. तीन दिवसांत नऊशे डब्या रिकाम्या केल्या.

डबी रिकामी करणं हेही एक काम आहे. पुढची पुस्तिका सहज निघते. मागचा कागद मात्र डिस्क ज्या ट्रेवर बसते त्याच्या खाली असतो. झाकण पूर्ण उघडायचं, बिजागरीच्या बाजूने ट्रेच्या कडेखाली नख घालायचं आणि हळूच वर उचलायचं. टक्क असा आवाज आला की सुटला. ओढाताण केली तर ट्रेचे दात मोडतात. ट्रे पारदर्शक असेल तर त्या कागदाच्या आतल्या बाजूलाही काहीतरी छापलेलं असतं. कित्येक वर्षं माझ्याजवळ असलेल्या काही सीडींची ती बाजू मी पहिल्यांदाच नीट पाहिली. शंभरेक डब्यांनंतर अंगठ्याच्या नखाची वाट लागली. बोथट प्लॅस्टिकची पट्टी वापरा हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

चौथ्या दिवशी पाकिटं आली. पहिलं हातात घेतलं, डिस्क घातली, पुस्तिका घातली, छान बसली. मागचा कागद घालायला गेले तर तो जाईना.

आता या कागदाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळा गोंधळ त्याने केला. पुढची पुस्तिका चौरस असते, १२ सेंटिमीटर बाय १२. मागचा कागद चौरस नसतो. तो पूर्ण उलगडला की १५१ मिलिमीटर रुंद भरतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना साडेसहा मिलिमीटरच्या घड्या असतात. डबी फळीवर उभी असताना आपण जे नाव वाचतो ते या घडीवर छापलेलं असतं. माझ्याकडे आलेली पाकिटं होती १२५ मिलिमीटरची. घड्या आत दुमडल्या तरी कागद १३८ उरतो. घड्या कापून टाकल्या तरी १३८च. म्हणजे कापूनही उपयोग नाही, आणि वर नावाची पट्टीही गेली.

नवऱ्याने सुचवलं, मधोमध दुमड. एक दुमडून पाहिला. नेमकी गाण्यांच्या यादीवरून पांढरी रेघ गेली आणि जाडीही वाढली. तो दुमडलेला कागद अजून माझ्याकडे आहे. तो दिसला की तसाच राग येतो.

विकणाऱ्याला लिहिलं की वर्णनात "सीडी आणि कव्हरसाठी" असं म्हटलं होतं. उत्तर आलं, "सीडी बसते ना मॅडम?" मी म्हटलं, सीडी बसते, मागचा कागद बसत नाही. "तो कोण ठेवतं?" मी ठेवते! ज्याच्यावर गाण्यांची यादी, कलाकारांची नावं आणि वेळा असतात, बऱ्याचदा तेवढ्याच कागदावर असतात, तो मी ठेवते. मग दोन दिवस उत्तर नाही. मग पाकिटाचा फोटो पाठवा. मग फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवा. मग कागदाचाही फोटो. मला वाटतं जगात सीडीच्या मागच्या कागदाचे इतके फोटो आणखी कुणी काढले नसतील.

या भांडणात एक गोष्ट मात्र बरी झाली. वाट बघताना एका डिस्कवर अंधुक, तेलकट पापुद्रा आल्यासारखा दिसला. जुन्या मऊ पाकिटातली ती डिस्क होती, मैत्रिणीकडून आलेली. ते पाकीट पीव्हीसीचं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि डिस्कला चिकटतं. नव्या पाकिटांचा वास घेतला तर तोच, नव्या रेनकोटसारखा. म्हणजे ती मापाने बरोबर असती तरी परत करायला हवीच होती. पॉलिप्रॉपिलीनची मागा. त्यांना वास येत नाही आणि हातात चुरगळली की कडक आवाज करतात.

ती तेलकट डिस्क वाचली. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ सुती कापड. पुसायचं ते आतून बाहेर, सरळ रेषेत. गोल गोल नाही. पुसताना चरा पडलाच तर असा आतून बाहेर जाणारा आडवा पडलेला बरा, कारण प्लेअर त्यातली तूट भरून काढतो, साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची. गोल चरा माहितीच्या दिशेनेच लांबच लांब जातो, तिथे त्याचा नाइलाज होतो.

एकोणीस दिवसांतले तेरा-चौदा दिवस कागदांचा ढीग आणि डिस्कांचा ढीग सारख्या क्रमात होते. मग घरात पंखा लागला. बाकीचं सांगत नाही. मुलगी जमिनीवर बसून एकेक कागद वर धरायची, "आई, या कागदाची सीडी कुठली गं?" पहिल्या संध्याकाळी तिला नावावरून शोधायला सांगितलं. पण एकाच गायकाच्या नऊ सीडी आणि त्यातल्या चारांवर नुसतंच त्याचं नाव, असं असेल तर काय करणार? शेवटी तिलाच दिसलं की घडीवर नावाशेजारी बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो आणि तोच डिस्कवरही छापलेला असतो. त्यावरून चार संध्याकाळींत जुळवाजुळव संपली. तिला टेबल मिळायचं होतं ना, म्हणून एवढी चिकाटी. सात कागद आणि पाच डिस्का मात्र अजून बिनजोडीच्या आहेत.

नवी पाकिटं आली ती मागच्या कागदासाठी वेगळा कप्पा असलेली. कागद घडीसकट आत जातो आणि नावाची पट्टी कडेला दिसते. या वेळी पाच आधी भरून पाहिली, मग बाकीची उघडली. पहिल्याच वेळी हे केलं असतं तर हा लेख चार ओळींचा झाला असता.

पाकिटं खोक्यांत उभी ठेवा. आडवी रचून नकोत, खालच्यांवर भार येतो. खोकं ४० सेंटिमीटरपेक्षा लांब नको, कारण तेवढ्यात सव्वाशेच्या वर सीडी मावतात आणि चार-पाच किलो वजन होतं. आणि ठासून भरू नका. दोन बोटं जाण्याइतकी जागा सोडली तरच चाळता येतं, नाहीतर एक काढताना चार वर येतात.

डिस्क संगणकावर उतरवून घेण्याचं काम मी याआधीच्या वर्षी संपवलं होतं. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत. चारशे जीबीच्या आसपास झालं, दोन वेगळ्या ड्राइव्हवर आहे, त्यात काही अडलं नाही. तुमचं झालं नसेल तर आधी ते करा. डबी उघडलेली असते तेव्हाच डिस्क हातात असते, दोनदा हाताळू नका.

डिस्कची चमकती बाजू खाली ठेवू नये, असं आपण सगळेच मानतो. खरी नाजूक बाजू वरची, छापलेली. माहितीचा ॲल्युमिनियमचा थर छपाईच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेसारखा पातळ लेप. खालून प्लॅस्टिकची जवळजवळ पूर्ण जाडी असते. एका डिस्कवर कुणीतरी नावाचं स्टिकर लावलं होतं. मी ते ओढून काढलं आणि त्याबरोबर आरपार दिसणारा तुकडा निघाला. ती डिस्क संपली. पाकिटात घालतानाही छापलेली बाजू टोकदार कशाला घासत नाही ना, ते बघा.

रिकाम्या डब्यांचं कुणीच सांगत नाही. अकराशे डब्या रिकाम्या झाल्या म्हणून लहान होत नाहीत. हिशेबाने २०० लिटर जागा लागते त्यांना, म्हणजे सीडी खोक्यांत गेल्या आणि त्यांची भुतं तेवढीच जागा अडवून बसली. चांगल्यातल्या चाळीस ठेवल्या, कारण कुठे तरी तडा गेलेली डबी निघतेच. बाकीच्या घ्यायला भंगारवाले दोनदा नाही म्हणाले. डब्यांचं हे प्लॅस्टिक, पॉलिस्टायरिन, त्रिकोणातला ६ क्रमांक, त्यांना नको असतं. शेवटी हस्तकला शिकवणाऱ्या एका बाईंनी तीन पोती नेली आणि उरलेल्या घ्यायला तिसरा भंगारवाला तयार झाला. कागद काढलेत का, ते मी प्रत्येक डबी पुन्हा उघडून पाहिलं. तीन निघाले.

जाड, दोन डिस्कांच्या जुन्या डब्या अजून तशाच आहेत, साठेक असतील. त्यातल्या काहींत डिस्क हलू नये म्हणून स्पंजचा चौकोन ठेवलेला असतो. एकात तो विरघळून चिकट झाला होता आणि डिस्कवर त्याचा तपकिरी ठसा उठला होता. तुमच्याकडे अशा डब्या असतील तर तो स्पंज आजच काढून टाका, बाकी काही करा न करा. पुठ्ठ्याची घडीची कव्हरं आणि मोठे संच कुठल्याच पाकिटात जात नाहीत. ते मुलीच्या टेबलाच्या वर एका फळीवर आहेत. ती म्हणते फळी तिची. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.