नाराज क्वार्टरबॅकचा सौदा: डेन्व्हर, २००९

जे कटलर हा अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. २००८ च्या हंगामात ४,५२६ यार्ड पासिंग, शिवाय प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. नवे प्रशिक्षक जॉश मॅकडॅनियल्स यांनी त्याच्या जागी मॅट कॅसेल या दुसऱ्या क्वार्टरबॅकला आणायची चाचपणी केली, ते कटलरच्या कानावर गेलं आणि विश्वास तुटला. मार्चअखेर मालक पॅट बोलेन यांनी त्याला सौदा करून दुसऱ्या संघाला देणार असल्याचं जाहीर केलं.

अशी जाहीर घोषणा झाली की भाव पडतो. इथे पडला नाही, कारण गिऱ्हाईक एकाहून जास्त होते. २ एप्रिलला शिकागो बेअर्सनी २००९ आणि २०१० चे पहिल्या फेरीचे पिक (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक ड्राफ्टमधला निवडीचा हक्क), २००९ चा तिसऱ्या फेरीचा पिक आणि आपला क्वार्टरबॅक काइल ऑर्टन दिला. डेन्व्हरने कटलरसोबत पाचव्या फेरीचा पिक दिला.

माझ्या मते ऑर्टन हाच सौद्याचा कणा. पिक मैदानात उतरून पास फेकत नाही, त्या हंगामासाठी खेळणारा माणूस हातात लागतोच. त्याच्यासह डेन्व्हरने पहिले ६ सामने जिंकले, पण शेवट ८ विजय, ८ पराभवांवर झाला. शिकागोत कटलरने त्या वर्षी २६ इंटरसेप्शन दिले, म्हणजे इतके पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले.

हिशेबात एक गोष्ट हमखास निसटते: साइनिंग बोनसचा (करार करताना दिलेल्या रकमेचा) हिशेबात धरायचा उरलेला हिस्सा जुन्या संघाच्याच सॅलरी कॅपवर, म्हणजे खेळाडूंच्या पगारावरच्या मर्यादेत, पडतो.